सबच्या टोपीला पडलेला खड्डा, आणि तो काढायच्या नादात झालेला घोळ

दादाचा (मामेभाऊ) मेसेज आला, सोबत एक फोटो, आणि खाली फक्त "हे बघ". फोटोत त्याच्या डिकीतला १२ इंची सबवूफर (सब, म्हणजे नुसता बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आणि बरोबर मध्यभागी, जी चकचकीत काळी टोपी असते ना, डस्ट कॅप म्हणतात ती, तिच्यावर कुणीतरी अंगठा दाबून ठेवल्यासारखा खड्डा. नुसता खड्डा असता तर ठीक होतं, पण खड्ड्याच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी घडी पडलेली दिसत होती. झालं काय, तर जॅक डिकीत तसाच मोकळा टाकलेला, जोरात ब्रेक मारला आणि तो घसरत येऊन थेट टोपीवर. सबला ग्रिल होती, पण "ग्रिल लावली की लुक जातो" म्हणून ती घरी माळ्यावर.

मी विचारलं, वाजतंय का नीट? त्यावर दोन दिवस काही उत्तरच नाही. तिसऱ्या दिवशी फोन, आणि आवाजावरूनच कळलं की मधल्या वेळात काहीतरी उद्योग झालेत. "अरे आधी एकदम नीट वाजत होतं, आता बेस आला की फरफर करतंय." म्हटलं आधी नीट होतं मग आता काय झालं? तर म्हणे "काही नाही रे, थोडा खड्डा काढायचा प्रयत्न केला." हे जे "काही नाही रे" आहे ना, ह्या प्रकरणातला सगळा बिघाड त्याच्यातच आहे, म्हणून सगळं नीट क्रमाने लिहितोय.

आधी ही टोपी असते कशाला ते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्पीकरचा समोरचा हलणारा पडदा म्हणजे कोन, त्याच्या मागे कॉइल (तारेची गुंडाळी) असते, ती मॅग्नेटच्या मधल्या एका अरुंद गोल फटीत वरखाली होते. फट म्हणजे किती, तर कॉइलच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम मिलिमीटरभर मोकळी जागा, बऱ्याच स्पीकरमधे त्याहून कमीच. त्या फटीत एक लोखंडाचा कण जरी गेला तरी मॅग्नेट तो सोडत नाही आणि कॉइल त्यावर घासत बसते. टोपी म्हणजे त्या फटीवरचं झाकण, बस. नावातच डस्ट आहे. राइस आणि केलॉग ह्या दोन इंजिनिअरांनी १९२५ साली कॉइल-कोनवाल्या स्पीकरची रचना मांडली, शंभर वर्षं झाली, मूळ गोष्ट तीच राहिली आणि धूळ ही अडचणही तीच राहिली. छोट्या स्पीकरमधे टोपी कॉइलपेक्षा जेमतेम मोठी असते, पण सबमधे कंपन्या दिसायला भारी म्हणून मोठ्ठी टोपी लावतात. दादाच्या सबमधे ती मोजून १३ सेंटीमीटर भरली. म्हणजे कॉइलच्या वरची झाकणाची जागा मधेच राहते आणि टोपीची कड कोनवर बरीच बाहेर चिकटवलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच गोष्टीने वाचवलं.

आता पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच, खड्ड्याने आवाज बिघडतो का? सबच्या बाबतीत, खड्डा नुसता खड्डा असेल तर नाही. सब वाजवतो २५-३० ते ८०-१०० हर्ट्झ. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट हवेत साधारण सात मीटर लांब असते, सात मीटरच्या लाटेला एका सेंटीमीटरच्या खड्ड्याशी काय देणंघेणं. पण हेच ट्वीटरला (बारीक, चिरक्या आवाजाचा छोटा स्पीकर) लागू करू नका. १० हजार हर्ट्झची लाट साडेतीन सेंटीमीटरच्या आतबाहेर, आणि ट्वीटरचा घुमट अडीच सेंटीमीटरचा, तिथे दबलेला घुमट म्हणजे आवाज करणारा भागच वाकडा झाला, फरक पडतो. दरवाज्यातले साडेसहा इंची वूफर मधेच कुठेतरी, वरच्या टोकाला थोडा फरक पडू शकतो पण क्रॉसओव्हर (कुठले सूर कुठल्या स्पीकरला जायचे ते वाटणारं सर्किट) लावलेला असेल तर कानाला कळणं अवघड. तर दादाचा सब जॅक आपटल्यावर सुद्धा नीट वाजत होता हे अजिबात नवल नाही. एकच अपवाद, खड्डा इतका खोल की कोन आत गेल्यावर टोपीचं टोक मधल्या लोखंडी खांबावर आपटतं, तेव्हा टकटक असा कोरडा आवाज येतो. ते इथे नव्हतं, त्याचा आवाज फरफर होता, आणि तो खड्डा पडल्यावर नाही तर खड्डा काढायला गेल्यावर सुरू झाला.

तर त्याने काय काय केलं. आधी चिकटपट्टी. रुंद पॅकिंगची टेप खड्ड्यात दाबून चिकटवली आणि झटक्यात ओढली. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. खड्डा तसाच, टोपीवरची चकाकी मात्र एका पट्ट्यात उडाली. टेपने निघतात खड्डे, पण ते मऊ कापडी टोपीवरचे किंवा अगदी उथळ, घडी न पडलेले. घडी पडली की प्लॅस्टिक त्या आकारात अडकून बसतं, टेपची पकड तेवढी नसते.

मग व्हॅक्यूम क्लिनर. हा उपाय जो तो सांगतो आणि तो चालतोही, पण किती जोर लागतो ह्याचा हिशोब कुणी करत नाही. घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लिनरचं तोंड पूर्ण बंद केलं तर आत साधारण २० किलोपास्कलची ओढ तयार होते. नळीचं तोंड ४ सेंटीमीटरचं धरा, क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटीमीटर, म्हणजे ओढ झाली २५ न्यूटन, आपल्या भाषेत अडीच किलो. अडीच किलो वजन टोपीला बांधून लोंबकळत सोडल्यासारखं. ती ओढ आधी खड्ड्यावर जात नाही, आधी अख्खा कोन बाहेर येतो, कारण कोन हलायलाच बनवलेला असतो आणि घडी पडलेलं प्लॅस्टिक हलायला तयार नसतं. जाड रबरवाला १२ इंची सब ते सोसतो. साडेसहा इंचीवर हेच केलं तर कोन त्याच्या मर्यादेपलीकडे ओढला जाऊन मागचा स्पायडर (कॉइलला मधोमध धरून ठेवणारी कापडी चकती) सुटू शकतो, कॉइल तिरकी होऊ शकते. व्हॅक्यूम वापरायचाच असेल तर नळी आणि टोपीच्या मधे फट ठेवून, ओढ कमी करून, आणि दुसऱ्या हाताची बोटं पसरून कोन टोपीच्या बाजूने धरून ठेवायचा. दादाने नळी सरळ टेकवली, फुल पॉवर, दुसऱ्या हातात मोबाईल, व्हिडिओ काढायला. फट् असा आवाज आला, कोन बाहेर, मग नळी ओढून काढली तसा परत आत. खड्डा? थोडासा वर आला म्हणे. व्हिडिओ त्याने मला पाठवला, तो फट् मी चार वेळा ऐकला आणि मला वाटलं गेली कॉइल.

इथे माझी चूक झाली, सांगतो. त्या व्हिडिओमुळे डोक्यात बसलं की कॉइल तिरकी होऊन घासतेय, आणि मी गेलो ते तेच शोधायला. आठ स्क्रू काढून सब बॉक्समधून बाहेर घेतला (वजनदार असतो, मॅग्नेटला धरून उचला, फ्रेमच्या कडेला धरून नाही, आणि स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवू नका, मॅग्नेट तो हातातून हिसकावून घेतो आणि तो कोनवर जाऊन बसला तर दुसरं प्रकरण लिहावं लागेल). मल्टिमीटर लावला, डबल कॉइलचा सब, प्रत्येक कॉइल ४ ओहम, आकडे आले ३.७ आणि ३.८. अगदी बरोबर, ४ ओहमवाली कॉइल मीटरवर थोडी कमीच दाखवते. मीटर लावलेला असताना कोनला हात लागला तर आकडा नाचतो, घाबरायचं नाही, कॉइल मॅग्नेटमधे हलली की ती स्वतःच व्होल्टेज बनवते त्याचा तो परिणाम. मग दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला टेकवला, प्लसला प्लस, कोन किंचित बाहेर आला आणि सेल काढला की परत जागेवर, खरखर काही नाही. मग दोन्ही हातांची बोटं कोनच्या समोरासमोर ठेवून अगदी सारख्या जोराने हळू आत दाबला, कान जवळ नेऊन. कॉइल घासत असेल तर वाळूवर कागद ओढल्यासारखा आवाज येतो. नाही आला. चार वेगवेगळ्या दिशांनी हात ठेवून दाबलं, नाहीच. नाकाने वास पण घेतला, जळका वास नाही. एक तास गेला आणि कॉइल ठणठणीत निघाली. आनंद व्हायला पाहिजे होता पण मी वैतागलो कारण मग फरफर कसली?

दादा म्हणाला "बॉक्समधेच काहीतरी असेल." म्हणून सब बॉक्सबाहेर, गादीवर उताणा ठेवून, कमी आवाजात, मोबाईलच्या टोन ॲपमधून सूर सोडला. बॉक्सबाहेर असताना आवाज कमीच ठेवायचा कारण मागे हवेचा दाब नसतो आणि कोन भलताच हलतो. ६० हर्ट्झ, स्वच्छ. ५०, स्वच्छ. ४० ला बारीक काहीतरी. ३५ ला आली फरफर, ओठ सैल ठेवून फुंकर मारल्यावर येते तशी. म्हणजे बॉक्स नाही, सबच. मग मी बोट टोपीच्या कडेवर अगदी हलकं टेकवून गोल फिरवत गेलो, घड्याळाच्या काट्यासारखं, बाराच्या जागेपासून. एक, दोन, आवाज तसाच. दोन आणि चारच्या मधे आलो आणि फरफर बंद. बोट उचललं, चालू. टेकवलं, बंद. टॉर्च तिरका धरून बघितलं तर टोपीची कड कोनपासून सुटलेली, केसाएवढी फट, पण लांबी सहा सेंटीमीटर. अख्खा घेर ४१ सेंटीमीटर, त्यातले सहा गेले. व्हॅक्यूमच्या त्या फट् मधला अर्धा आवाज हा गोंद सुटल्याचा होता. कोन आत आला की टोपीखालची हवा त्या फटीतून बाहेर पडायची आणि सुटलेली कड पिपाणीच्या पानासारखी थरथरायची. जॅकने सबचं काही बिघडवलं नव्हतं, नळीने बिघडवलं. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला "म्हणजे जॅकला दोष नाही का," मी म्हटलं जॅकला कसला दोष देतोस, तो काय चालत गेला होता का.

आता काम दोन, कड चिकटवायची आणि खड्डा काढायचा. नुसती कड चिकटवून सोडलं असतं तर वाजायला काही प्रॉब्लेम नव्हता आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाचा सब असता तर मी तेवढंच केलं असतं. पण कड सुटलेलीच होती, म्हणजे आत जायला दार आपोआप उघडलेलं, आणि एकदा चिकटवली की हे दार बंद. खड्डा काढायची संधी आत्ताच.

बाकीचे रस्ते पण बघितले होते. मागून, मॅग्नेटच्या मधे हवा जायला आरपार भोक असतं बऱ्याच सबमधे. ते मोकळं असेल तर सगळ्यात सोपं, लाकडी काठीच्या टोकाला कापड गुंडाळायचं, मागून आत घालायची आणि खड्डा हळूच ढकलायचा, दोन मिनिटांचं काम. इथे भोक होतं पण त्यावर बारीक जाळी चिकटवलेली, धूळ आत जाऊ नये म्हणून, ती फाडायची म्हणजे एक राखायला दुसरं उघडं टाकायचं, सोडून दिलं. दुसरा रस्ता टाचणीचा. बारीक टाचणी किंवा सुई टोकाला आकड्यासारखी वाकवायची, घडीत टोचून आत फिरवून ओढायची, मग त्या भोकावर गोंदाचा एक थेंब. कागदी आणि कापडी टोप्यांवर हा उपाय मला आवडतो, भोक दिसतही नाही. पण चकचकीत प्लॅस्टिकवर भोक कायमचं दिसतं आणि घडीच्या जागी प्लॅस्टिक आधीच ताणलेलं, तिथे टोचलं तर चीर जायची भीती. सुई वापरणारच असाल तर पाव इंचाच्या पलीकडे आत घुसवू नका, खाली कॉइल आणि कधीकधी तिच्या तारा असतात. ॲल्युमिनियमची टोपी असेल तर हे सगळं विसरा, धातूला घडी पडली की ती पूर्ण जात नाही, जितकं खेळाल तितकी चिरते, तिथे नवीन टोपी लावणंच बरं.

हत्यार काय तर शाम्पूची रिकामी बाटली. तिच्या पोटाकडचा भाग मुळातच वळलेला असतो, त्यातून दोन सेंटीमीटर रुंद, बारा सेंटीमीटर लांब पट्टी कापली, कोपरे नेलकटरच्या कानशीने गोल केले. लोखंडी पट्टी किंवा चमच्याचा दांडा इथे चालत नाही, कॉइलच्या जवळ गेला की मॅग्नेट ओढतो आणि हात भलतीकडे जातो. पट्टीचा बाक वरच्या दिशेला ठेवून सुटलेल्या कडेतून आत सारली. जागा कमी पडत होती म्हणून कडेला हेअर ड्रायरची जराशी ऊब दिली आणि सुटलेल्या भागाच्या टोकाला बोटाने हळू उचलत ती फट आठ सेंटीमीटरपर्यंत वाढवली, जुना गोंद रबरासारखा होता, ऊब मिळाली की च्युइंगमसारखा ताणून सुटतो. मोठ्या टोपीचा फायदा इथे, कड कॉइलपासून लांब आहे त्यामुळे पट्टी आत गेली तरी ती कोनच्या वरूनच जाते, कॉइलच्या फटीत शिरत नाही. छोट्या टोपीत हे करता येणार नाही, कड उघडली की समोर फटच.

अजून एक, काम करताना सबच्या टर्मिनलवर तारेचा छोटा तुकडा लावून प्लस-मायनस जोडून ठेवले, दोन्ही कॉइलचे वेगवेगळे. असं केलं की कोन दाबल्यावर मधात बुडवल्यासारखा हळू हलतो, उसळी मारत नाही, कारण हलल्यावर बनणारा करंट त्याच कॉइलमधून फिरून तिला अडवतो. हात सटकला तर कोनचा झटका बसत नाही. काम झाल्यावर ही तार काढायला विसरलात तर ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) शॉर्ट मिळेल, म्हणून मी लाल वायर वापरतो आणि तिला मोठी चिकटपट्टी लावतो.

पहिल्या खेपेला पट्टी आतच दुमडली, जोरच लागेना. मग दोन पट्ट्या एकावर एक ठेवून टेपने बांधल्या. टोपीच्या कडेवर पुठ्ठ्याची गोल रिंग ठेवली, म्हणजे ऊब फक्त मधे जाईल आणि बाकीचा गोंद सुटणार नाही. ड्रायर मध्यम, एक वीत लांब, अर्धा मिनिट. प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलिनचं असावं असं वाटत होतं, ते वितळायला १६० अंशांच्या आसपास लागतात आणि हेअर ड्रायर तिथपर्यंत जात नाही, म्हणूनच हेअर ड्रायर. पेंट काढायची हीट गन तीनशेच्या वर जाते, ती जवळ पण आणू नका, टोपी पापडासारखी आक्रसते. हात ठेवून सोसवेल इतकंच गरम.

ढकलताना थेट खड्ड्याच्या तळाला नाही ढकलायचं. गाड्यांचे डेंट काढणारे जसं करतात तसं, आधी कडेच्या चढावर थोडं थोडं, मग मधे. मी चढाच्या बाजूला पट्टीचं टोक टेकवून हलके हलके दाबत गेलो, दादा वरून टॉर्च धरून "आलं, आलं, थोडं डावीकडे" करत होता, आणि मधे आल्यावर टक् करून डब्याचं झाकण उघडावं तसा खड्डा बाहेर. दादा एकदम ओरडलाच. ऐंशी टक्के काम त्या एका टक् मधे झालं.

राहिली घडी. काळ्या प्लॅस्टिकला घडी पडली की तिथे पांढुरकी रेघ उमटते, ताण पडून आतली रचना फाकते म्हणून. ऊब दिली की ती रेघ थोडी विरते. आतून पट्टीचा आधार, बाहेरून अंगठ्यावर मऊ कापड गुंडाळून घडीवर तिरकं घासत, अर्धा मिनिट ऊब, एक मिनिट घासणं, असं सात-आठ वेळा. रेघ पुसट झाली, गेली नाही. नवव्या वेळी दादा म्हणाला अजून एकदा, मी म्हटलं नको, प्लॅस्टिक मऊ होऊन चमक बिघडायला लागली होती, आणि बरं वाटतंय तिथे थांबायचं नाही हे घरातल्या प्रत्येक बिघाडाचं मूळ आहे असं माझं मत.

मग गोंद. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद कुठेही मिळतो आणि सगळ्यात आधी तोच हातात येतो. नको. एकतर तो पाण्यासारखा पातळ, फटीतून आत पळतो आणि कॉइलपर्यंत गेला तर खेळ खलास, दुसरं म्हणजे सुकताना त्याची वाफ काळ्या चकचकीत भागावर पांढरी बुरशीसारखी बसते. मी एकदा एका दरवाज्याच्या स्पीकरवर केलंय हे, टोपी चिकटली आणि तिच्याभोवती भस्म लावल्यासारखं वर्तुळ. तिसरं, तो सुकल्यावर कडक होतो आणि जिथे सतत थरथर आहे तिथे कडक गोंद तडकतो. पाहिजे रबरासारखा लवचिक राहणारा, स्पीकर दुरुस्तीवाले वापरतात तो काळा किंवा साधा रबरवाला कॉन्टॅक्ट गोंद.

इथे एक बारीक गोष्ट. पॉलिप्रॉपिलिनला सहसा काही चिकटत नाही. म्हणून टोपीच्या कडेवरचा जुना गोंद खरवडून प्लॅस्टिक उघडं करायचा मोह टाळला. जुना थर कंपनीने नीट बसवलेला आहे, त्यावर नवा गोंद बसतो, उघड्या प्लॅस्टिकवर बसला नसता. फक्त जे लोंबत होतं ते टूथपिकने काढलं, धूळ मास्किंग टेपने टिपून घेतली. कड उघडी असताना आत फुंकर मारायची नाही, काही असेल तर ते कॉइलच्या फटीत जाऊन बसेल. टेपची चिकट बाजू बोटावर उलटी गुंडाळून टिपायचं. ॲसिटोन वगैरे पण नाही, कोनवरचा लेप आणि कॉइलचं इन्शुलेशन दोन्ही त्याने खराब होऊ शकतं.

टूथपिकने दोन्ही बाजूंना पातळ रेघ ओढली, दहा मिनिटं तशीच ठेवली, बोट लावल्यावर चिकट वाटली पण बोटाला लागेनाशी झाली की कड दाबली. दाबताना कोन खाली जाऊ नये म्हणून एक बोट कोनच्या मागून, फ्रेमच्या खिडकीतून, आधाराला. वरून मास्किंग टेपचे पाच-सहा आडवे तुकडे, आणि टोपीच्या घेराएवढा प्लॅस्टिकचा डबा उपडा ठेवून त्यावर अगदी थोडं वजन, कोन तसूभरही खाली जाणार नाही इतकंच. चोवीस तास. दादाने रात्री अकराला फोन केला "सुकलं असेल ना आता?" नाही सुकलं.

दुसऱ्या दिवशी लाल तार काढली, टोन सोडला, २० पासून ८० हर्ट्झपर्यंत हळू चढवत नेला. ३५ ला कान लावून बसलो, स्वच्छ. बोट फिरवून बघितलं, कुठेच फरक नाही. गोंदाने वजन वाढलं का, तर वाढलं असेल अर्धा-एक ग्रॅम, १२ इंची सबच्या हलणाऱ्या भागाचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, त्यात ते हरवून गेलं. साडेसहा इंचीवर मात्र गोंद हात राखून लावा, तिथे अख्खं हलणारं वजनच पंधरा-वीस ग्रॅम असतं.

सब बॉक्समधे बसवला, स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळले, गाडीत जोडला, दादाने आवडीचं गाणं लावलं आणि पहिल्याच बेसला परत फरफर. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. माझाही. बाहेर येऊन डिकीच्या झाकणावर हात ठेवला तर आवाज नंबर प्लेटचा, खालचा स्क्रू सैल, हा आवाज आधीपासून होता पण टोपीच्या फरफरीत लपून गेलेला. प्लेटच्या मागे फोमचे दोन तुकडे चिकटवले, विषय संपला.

तीन आठवड्यांनी परत बघितलं. कड सगळीकडून पक्की, नखाने हलकं उचकटून पाहिलं तरी हलत नाही. पांढुरकी रेघ आहे, पण डिकीचा दिवा तिरका पडला तरच दिसते. दादा म्हणतो नवीन टोपी लावून टाकू का, मी म्हटलं त्यासाठी ही ब्लेडने कापावी लागेल, कोनवर कापाच्या खुणा राहतील आणि आतल्या तारा कुठून जातात ते कापल्यावरच कळेल, एका रेघेसाठी हे करायचं असेल तर मी येणार नाही. तो गप्प बसला. ग्रिल माळ्यावरून खाली आलीये, अजून लावलेली नाही. जॅक मात्र आता स्टेपनीच्या खाचेत आहे, जिथे ठेवायला गाडीच्या पुस्तकात पहिल्यापासून लिहिलंय.